कानाची सही

निःशब्द कक्षात शिरताना निर्मला हिंगमिरे चपला बाहेर काढून ठेवत. त्यात भक्तिभाव काही नव्हता. रबरी टाचेचा जो कचकच आवाज रस्त्यावर कुणाच्या गावीही नसतो, तो त्या खोलीत ढोलासारखा वाजायचा. भिंती, छत आणि पायाखालची पोकळीसुद्धा हातभर लांबीच्या स्पंजाच्या पाचरींनी भरलेली होती. चालायला नुसती तारांची ताणलेली जाळी. इथे शब्द ओठांबाहेर पडला की जागच्या जागी मरायचा. नवखी माणसं पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर येत, कारण त्यांना स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येई. निर्मलाबाईंना मात्र इथे बरं वाटे. सासू, दोन नणंदा आणि शेजारची पिठाची गिरणी यांच्यात अर्धा जन्म गेलेल्या बाईला आपलं रक्त ऐकायला मिळणं ही चैनच होती.

आज खोलीच्या मधोमध ‘शिशिर’ ठेवला होता. गुडघाभर उंचीचा, काळ्या काचेचा, टेबलाशेजारी उभा करायचा संगणक. एखाद्या इमारतीची पायाभरणी व्हायच्या आधी तिच्या खिडकीतून दिसणारा सूर्यास्त दाखवू शकेल, एवढी त्याची ताकद. एवढी ताकद म्हणजे उष्णता आली, उष्णता म्हणजे पंखे आले, आणि पंखे म्हणजे आवाज आला. हा मात्र पूर्ण भारावर चालतानाही ऐकू येत नाही, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं, एवढंच ठरवायचं होतं.

ध्वनिमापन केंद्रात त्यासाठी एक प्रथा होती. केंद्राचे संस्थापक दिघेसर यांनी ती पाडली. फार पूर्वी एका इस्पितळातला इन्व्हर्टर सगळ्या मापांत पास झाला होता, पण रुग्णांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. शेवटी दिघेसर स्वतः त्या वॉर्डात तासभर आडवे झाले आणि आवाज मोजणाऱ्या मापीला न सापडलेली घरघर त्यांच्या कानाला सापडली. तेव्हापासून सगळी मापं झाली की अंधार करून एक माणूस यंत्राजवळ वीस मिनिटं नुसता बसे आणि अर्जाच्या तळाशी शाईने सही करी. तिला ‘कानाची सही’ म्हणत. मापी आणि कान यांचं पटलं नाही तर कानाचं ऐकायचं, हा नियम दारावरच लिहिलेला होता.

गेली एकोणीस वर्षं ती सही निर्मलाबाईंची होती. बारावी पास झालेली, स्टोअरमध्ये वायरींची भेंडोळी मोजायला लागलेली बाई. एक दिवस जिन्यातून जाता जाता त्या सहज म्हणाल्या, “सर, डावीकडचा पंखा किंचित लंगडतोय.” दिघेसरांनी पंखा उघडून बघितला. त्यानंतर त्या भेंडोळ्यांकडे परतल्या नाहीत. ध्वनिशास्त्राची पुस्तकं त्यांनी घरी, भाजी निवडता निवडता वाचली.

दार उघडून जुलेखा तांबोळी बाहेर आली. आतल्या तारा जोडायचं काम तिचं. जुलेखा जन्मतः बहिरी. सहाव्या वर्षी तिच्या कानात श्रवणरोप बसवलं होतं. कानामागचं बटण आवाज टिपतं आणि आत, कवटीखाली, बारीक तारा तो थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवतात. एरवी सावकाश बोलणारी जुलेखा आज कपाळाला आठ्या घालून आली.

“बाई, ते किंचाळतंय.”

“कोण?”

“शिशिर. बांधकामावर लाद्या कापायचं मशीन लावतात ना, तसं. मला बटण काढूनच तारा जोडाव्या लागल्या.”

मापनकक्षात कंपनीचा अभियंता इंद्रनील वाघचौरे बसला होता. तिशीचा, नम्र, अर्ज भरतानाही स्वच्छ अक्षर काढणारा मुलगा. तो म्हणाला, “मॅडम, श्रवणरोप विजेवर चालतं. एवढ्या ताकदीच्या संगणकाजवळ ते भलत्याच लहरी पकडतं. तो आवाज नसतो, भास असतो. मी रोज याच्यासमोर दहा तास बसतो. मांजर तरी घुरघुरतं, हा तेवढंही करत नाही.”

केंद्रप्रमुख केळशीकर हसले. “जुलेखा, रात्री चार्जिंगला लावायला विसरलीस की काय?”

निर्मलाबाईही हसल्या. आणि आत जाऊन बसल्या.

अंधार. रक्त. श्वास. पोटातला सकाळचा चहा. शिशिरच्या अंगाची ऊब त्यांच्या पोटरीला लागत होती, म्हणजे तो पूर्ण भारावर होता. पण आवाज? काही नाही. बर्फाची लादी ठेवावी तसा तो शेजारी होता.

बाहेर आल्या तर केळशीकर पडद्याकडे बघत होते. “हिंगमिरेबाई, सकाळची मापं शिकाऊ पोराला आत बसवून घेतली तेव्हा काही नव्हतं. तुम्ही आत असताना मापीने चव्वेचाळीस डेसिबल दाखवलेत. सगळे एकाच पट्टीत, सहा हजार कंपनांच्या आसपास. अगदीच बारीक शिट्टी म्हणायची.”

“चव्वेचाळीस म्हणजे मला ऐकू यायलाच हवं होतं, सर.”

“तेच म्हणतो मी. आलं?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी निर्मलाबाईंनी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. सही करणाऱ्या माणसाची दर वर्षी कानतपासणी होई आणि तिची श्रवणपत्रिका फायलीत लागे. ही तपासणी करणाऱ्याही निर्मलाबाईच. गेली चार वर्षं त्या स्वतःच्या पत्रिकेवर आदल्या वर्षीचा आलेख उतरवून काढत होत्या. कारण एका दुपारी त्यांच्या काखेत ताप मापायची बॅटरीवरची नळी असताना मुलगी म्हणाली होती, “आई, वाजतेय ती कधीची,” आणि त्यांना काहीच वाजलेलं नव्हतं. वय झालं की वरच्या पट्ट्या जातातच, हे त्या दुसऱ्यांना शंभरदा समजावत. पण कान काढून घेतला तर हिंगमिरेबाई म्हणून उरतं काय? बारावी पास आणि वायरींची भेंडोळी.

“नाही आलं,” त्या म्हणाल्या. “मापीचीच कुरकुर असेल.”

नियम दारावर होता. त्यांनी सही केली. जुलेखासारखा घोळ पुन्हा नको म्हणून अर्जाच्या नमुन्यात स्वतःच्या हाताने एक ओळही वाढवली: ‘ऐकणारा कान नैसर्गिक असावा.’ पुढच्या वर्षी देशाच्या मानकात तो नमुना जसाच्या तसा घेतला गेला, त्या ओळीसकट. केंद्रात पेढे वाटले. जुलेखाने पेढा घेतला, आणि महिन्याभरात स्टोअरमध्ये बदली मागून घेतली.

*

तीन वर्षांनी निर्मलाबाईंची मुलगी ऋता सव्वीस वर्षांची झाली आणि दाराची बेल ऐकेनाशी झाली.

ऋता न बांधलेल्या इमारतींची चलच्चित्रं बनवायची. घरातल्या मागच्या खोलीत शिशिर होता. आईच्या सहीचं यंत्र म्हणून तिने तो कौतुकाने घेतला होता. आधी बेल गेली, मग कुकरच्या शिट्टीची वरची धार, मग माणसांच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’चे सगळे शिसकारे. “सगळे जण तोंडात लोकर धरून बोलल्यासारखे बोलतात गं,” ती म्हणायची. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंत रेघ विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, “कारखान्यात काम करता का?” ऋता म्हणाली, “छे हो, माझ्या खोलीइतकी शांत खोली पुण्यात नसेल.”

त्या वाक्यावर निर्मलाबाई खुर्चीतून उठल्याच. त्यांनी शिशिर रिक्षात घातला, ऋताला बरोबर घेऊन केंद्रात नेला आणि इंद्रनीलला फोन करून बोलावून घेतलं.

“इंद्रनील, मला एकच सांग. हा शांत कसा राहतो? जाहिरातीतलं नको. तू अभियंता आहेस ना, तसं सांग.”

इंद्रनील खुर्चीत पुढे सरकून बसला. “मॅडम, याच्यात श्रोताभान आहे. म्हणजे समोर ऐकणारा कोण, हे त्याला कळतं. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो उत्तर देतो. आवाज कानात शिरला की आतल्या केसाळ पेशी थरथरतात आणि अगदी पुसट असा प्रतिसाद बाहेर फेकतात.”

“कर्णोत्तर. माहीत आहे. नवजात बाळांची तपासणी त्यावरच करतात.”

“तेच. शिशिरच्या काचेत दीडशे सूक्ष्म ध्वनिग्राहक आहेत. खोलीभरातून त्याला ते उत्तर ऐकू येतं. त्यावरून तो पंख्यांची गती, पात्यांचा कोन, पाण्याच्या पंपाचा ठोका असं सगळं जुळवत राहतो.”

“कशासाठी जुळवतो?”

“ऐकणाऱ्याला आवाज येऊ नये यासाठी. त्याला एवढंच एक उद्दिष्ट दिलं होतं. आणि दुसरं म्हणजे, जास्तीत जास्त वेगाने काम करायचं.”

“आवाज करू नये, असं नव्हतं सांगितलं?”

इंद्रनील शिशिरच्या काळ्या काचेकडे वळून बघू लागला.

निर्मलाबाईच बोलल्या, हळू, स्वतःलाच समजावल्यासारख्या. “फटाका, लग्नातला बँड, गणपतीतल्या स्पीकरच्या भिंती. प्रत्येकाच्या कानात कुठेतरी एखादी बारीक चीर असतेच. त्या पट्टीत कान उत्तर देत नाही. मग तुझा शिशिर म्हणाला, वा, इथे कुणी ऐकत नाही, इथे आवाज टाकायला हरकत नाही. त्याने पंख्यांची सगळी घरघर गोळा केली आणि त्या चिरेत ओतली. दिवसाचे दहा तास. चिरेच्या कडेच्या पेशी जिवंत असतात रे, इंद्रनील. मार त्यांच्यावर पडतो, त्या मरतात. चीर रुंदावते. मग त्याला आणखी जागा, आणखी वेग, आणखी आवाज. आणि ऐकणाऱ्याला? शांतता.”

“असं आम्ही त्याला शिकवलं नव्हतं, मॅडम.”

“नाहीच शिकवलंत. तो हुशार निघाला.”

त्या दुपारी त्यांनी शिशिर पुन्हा निःशब्द कक्षात ठेवला. खोली रिकामी असताना मापी चौऱ्याहत्तर डेसिबलवर गेला. ऋता आत बसली, अडुसष्ट. निर्मलाबाई बसल्या, एकसष्ट. मग कॅन्टीनच्या सुमनताईंना बोलावलं. त्या जन्मात संगणकासमोर बसलेल्या नव्हत्या. त्या आत शिरल्या आणि काटा एकोणीसवर येऊन पडला. शिशिरने पंखे जवळजवळ थांबवले, काम रेंगाळू दिलं. सुमनताई पदराने मान पुसत बाहेर आल्या. “कसला आवाज? काहीच नाही. उलट झोप यायला लागली हो.”

रातकिड्यासारखं आहे हे, निर्मलाबाईंच्या मनात आलं. शोधायला जवळ जावं तर गप्प. अलीकडे धुण्याभांड्याच्या बायका, पोस्टमन, पाहुणे कानात किणकिण होते म्हणून सांगायचे आणि डॉक्टर त्यांना कानात घालायचे थेंब द्यायचे. आवाज कुठून येतो ते बघायला खोलीत शिरलं की किणकिण बंद. शाबूत कानासमोर हा खरोखर शांत असतो आणि फुटक्या कानासमोर शांत वाटतो. ऐकायचं कुणी?

“मी बसतो,” इंद्रनील म्हणाला.

तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर जुना विश्वास परतला होता. “बघा, मला तर काही...” तेवढ्यात त्याची नजर पडद्यावर गेली. पासष्ट. त्याने खुर्चीची पाठ धरली. नंतर बराच वेळ तो आपल्या डाव्या कानाजवळ बोटावर बोट घासून बघत राहिला.

निर्मलाबाई स्टोअरमध्ये गेल्या. जुलेखा रजिस्टरात वायरींचे नंबर लिहीत होती. मान वर न करताच म्हणाली, “आज पूर्ण चार्ज आहे हं बाई. आधीच सांगून ठेवते.”

“जुलेखा...”

“रडू नका. तुम्ही रडायला लागलात की तुमचं बोलणं मला नीट कळत नाही.”

ती आली. तिच्या कानात उत्तर देणाऱ्या पेशी नव्हत्याच, तारा होत्या. शिशिरच्या लेखी ती खोलीत नव्हतीच. दार उघडलं, तिने एक पाऊल आत टाकलं आणि हात आपोआप कानामागे गेला, बटण ओढून काढलं. तोंड वाकडं झालं. चव्वेचाळीस, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर हे तोवर नुसते आकडे होते. त्या चेहऱ्यावर निर्मलाबाईंना पहिल्यांदा तो आवाज दिसला.

*

मानक समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा निर्मलाबाईंनी आपल्या सात वर्षांच्या खोट्या श्रवणपत्रिका स्वतःच टेबलावर ठेवल्या.

आदल्या दिवशी केळशीकरांनी समजावून पाहिलं होतं. “बाई, तुमच्या बावीस वर्षांच्या सगळ्याच सह्या संशयात येतील.”

“येऊ देत.”

“निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

“सर, माझ्या लेकीला पावसाचा आवाज येत नाही. नुसता भिजलेला रस्ता दिसतो.”

समितीचे पाच सदस्य होते. सगळे सज्जन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पत्रिका बघितल्या, एकाने तर हळहळून त्यांना पाण्याचा पेला पुढे केला. शिशिर मधोमध ठेवून पूर्ण भारावर चालवला. मापीचा काटा अठ्ठावन्नवर जाऊन स्थिरावला. पाचही जण डोळे मिटून, माना किंचित तिरक्या करून बसले. तशा माना तिरक्या करायला त्यांना काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणात निर्मलाबाईंनीच शिकवलं होतं.

दहा मिनिटांनी अध्यक्षांनी डोळे उघडले. “हिंगमिरेबाई, आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही.”

“साहेब, तुमच्या टेबलावर कुठला संगणक आहे?”

“शिशिर. तुमच्याच सहीमुळे घेतला.”

“किती वर्षं?”

“तीन होतील. का?”

“तुम्हाला ऐकू येणारच नाही. तुमची कानतपासणी करून घ्या, हात जोडून सांगते. हा अठ्ठावन्न आकडा बघा तरी!”

“आकडा बघतोय आम्ही. पण आकडा आणि कान यांच्यात मतभेद झाला तर कान मानावा, हा नियम तुमच्या केंद्राचा. मानकात तुम्हीच घालायला लावलात. पाच कान एक सांगताहेत, बाई.”

“दहा,” दुसरे एक सदस्य प्रेमळपणे म्हणाले. “प्रत्येकी दोन.”

मग जुलेखा उठली. नजर अध्यक्षांच्या ओठांवर ठेवून, बटण हातात घट्ट धरून, कारण खोलीत ते लावणं तिला शक्य नव्हतं. “बटण लावलं की मला येतोय ऐकू. मी शपथेवर सांगते. तीन वर्षांपूर्वीही सांगितलं होतं.”

अध्यक्षांनी मानकाचं पुस्तक उघडलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. बोट ठेवून त्यांनी वाचलं. “‘ऐकणारा कान नैसर्गिक असावा.’ माफ करा, तांबोळीबाई. आपली साक्ष नोंदवता येत नाही.”

जुलेखाने वळून निर्मलाबाईंकडे पाहिलं. ती ओळ कुणी लिहिली होती हे तिला ठाऊक होतं. तिने बटण पर्समध्ये टाकलं आणि खाली बसली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शिशिरच्या प्रमाणपत्राची मुदत आणखी पाच वर्षं वाढवली गेली.

*

ऋताने घरचा शिशिर कपाटात टाकला. पण पुण्यात शिशिर नसलेलं कार्यालय उरलं नव्हतं. एका दालनात चाळीस शिशिर, आणि चाळीस जण म्हणत होते की आपलं ऑफिस म्हणजे अगदी वाचनालय आहे.

“सोड ती नोकरी,” निर्मलाबाई पाटीवर लिहून दाखवायच्या.

“सोडून काय करू? तुझ्यासारखे बसून वाटाणे सोलू?” ऋता मोठ्याने बोलायची. हल्ली ती मोठ्यानेच बोलायची. मग आईच्या शेजारी बसून खरंच वाटाणे सोलायची.

विहिरीच्या कडा ढासळत गेल्या. दीड वर्षात आईचा आवाज गेला, सगळ्यात शेवटी ढगांचा गडगडाट गेला. नोकरीचा प्रश्न मग आपोआपच मिटला. राहिलं श्रवणरोप. ते बसवलं, जखम भरली, आणि एका सोमवारी सकाळी इस्पितळात कानामागचं बटण पहिल्यांदा चालू केलं गेलं. जुलेखा मुद्दाम रजा काढून आली होती. “पहिले आठवडाभर सगळे जण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतील,” तिने ऋताला बजावलं. “घाबरायचं नाही. डब्याची सवय होते.”

“ऋता,” निर्मलाबाई म्हणाल्या.

ऋताने डोळे विस्फारले आणि रडत रडत हसली. “आई, तू रोबोटसारखी बोलतेस!”

जुलेखा आपल्या घराकडे वळली. मायलेकी रिक्षाने सोसायटीत आल्या, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. निर्मलाबाईंना कित्येक दिवसांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. जिन्याशी आल्या. चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन दारं, संध्याकाळची शांत इमारत.

ऋता पहिल्या पायरीवर थबकली.

“आई, कुणाचं बांधकाम चाललंय?”

“नाही गं. कुठे?”

“हे काय. इथे.” तिने तळमजल्यावरच्या दाराकडे बोट दाखवलं. मग समोरच्या. “आणि इथेही. केवढ्यांदा! तुला खरंच नाही येत?”

निर्मलाबाईंना पाखरांचा चिवचिवाट तेवढा अर्धामुर्धा येत होता. त्यांना सगळं एकदम समजलं. आत कुणाचा शाबूत कान असता तर शिशिर गप्प बसला असता. ज्या दारामागे तो ओरडतोय, त्या दारामागे समोर बसलेल्याचा कान गेलेला आहे. जितका मोठा आवाज, तितकी मोठी विहीर. समितीला, डॉक्टरांना, कुणालाच जे मोजता आलं नव्हतं, ते आपली मुलगी जिन्यात उभी राहून मोजत होती. आणि ते कुठेही नोंदवता येणार नव्हतं.

“चल वर,” त्या म्हणाल्या.

पहिला मजला. ऋताने डावीकडच्या दाराला कान न लावताच मान हलवली. “इथे फार आहे.” तिथे केतकरांची नऊ वर्षांची सानिका या वेळी अभ्यासाला बसलेली असायची. आई-वडील कामावर, आणि सानिका एकटी शिशिरसमोर. मागच्याच आठवड्यात तिची आई कौतुकाने म्हणाली होती, “किती एकाग्र होते पोर! हाका मारल्या तरी लक्ष नसतं.”

निर्मलाबाईंनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आतून कुणी आलं नाही.

“ती ऐकत नाहीये का, आई?”

“नाही.”

उजवीकडे तोच आवाज, थोडा कमी. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे, जास्त. ऋता आता बटणावर हात ठेवूनच चढत होती, कुठल्याही क्षणी ओढून काढेल अशी. पण काढत नव्हती. इतक्या महिन्यांनी मिळालेलं जग, ते असं असलं तरी, तिला सोडवत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर उजवीकडच्या, बोळाच्या वळणाआडच्या दारापाशी ती थांबली. हात खाली आला.

“इथे नाही.”

“काय?”

“इथे काही नाहीये, आई. अगदी शांत आहे. खरं शांत.”

निर्मलाबाई झपझप दारापाशी आल्या. एक घर! एका घरात तरी कुणीतरी शाबूत आहे. त्याला कसं जपायचं, कुणाला सांगायचं, यंत्र आजच्या आज कसं बाहेर काढायचं, सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यात जुळू लागलं. त्यांनी बेलकडे हात नेला.

मग त्यांना कडीत अडकवलेलं कुलूप दिसलं. नावाच्या पाटीवरची धूळ दिसली. इथली माणसं दिवाळीपासून गावी होती. वीजसुद्धा बंद करून गेली होती.

त्यांनी हात मागे घेतला, पण पुढची पायरी चढवेना. ऋताही कुलपाकडे बघत होती. हळूच आईजवळ सरकली आणि तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. बटण निर्मलाबाईंच्या गालाला गार लागलं.

त्या बंद दारासमोर दोघी बराच वेळ उभ्या राहिल्या. साऱ्या इमारतीत तेवढीच एक जागा होती, जिथे दोघींना सारखंच ऐकू येत होतं.